या, तुम्हीच करून दाखवा

खुर्चीच्या दांडीवर दोन बटणं आहेत, एक हिरवं आणि एक लाल. बसल्या बसल्या तुम्ही दोन्ही दाबून बघता. काहीच होत नाही. शेजारच्या बाईंनीही तेच केलेलं असतं. त्या तुमच्याकडे बघून हसतात.

1967, मॉन्ट्रियल. जागतिक प्रदर्शनातलं चेकोस्लोव्हाकियाचं दालन. या छोट्या सभागृहात 127 खुर्च्या आहेत आणि आत शिरायला बाहेर भलीमोठी रांग. अंधार होतो. पडद्यावर एक इमारत जळते आहे. नोव्हाक नावाचे एक पापभीरू गृहस्थ सांगू लागतात की या सगळ्याला आपणच जबाबदार आहोत की काय, असं त्यांच्या मनात येतं. मग गोष्ट मागे जाते. नोव्हाकांच्या दारावर टकटक होते. शेजारीण अंगाला नुसता टॉवेल गुंडाळून उभी आहे; तिच्या घराचं दार बाहेर आल्यावर लागून गेलं. नोव्हाकांची बायको एवढ्यात घरी यायची आहे.

इथे चित्रपट थांबतो. मंचावर चक्क हाडामांसाचा माणूस येतो आणि तुम्हाला विचारतो, काय करायचं, घ्यायचं हिला आत? आता बटण दाबायचं. पडद्याच्या कडेने खुर्च्यांचे आकडे उजळतात आणि तुमचा कौल सगळ्यांना दिसतो. शेजारच्या बाई मघासारख्या हसत नाहीत, त्यांनी तुमच्या उलट मत दिलं आहे. बहुमत होतं, पुढचा प्रसंग सुरू होतो, सभागृहात हशा आणि टाळ्या. खेळ संपल्यावर तुम्ही बाहेर पडता ते जरा ताठ मानेने. आज सिनेमा तुम्ही चालवलात.

आता तुम्हाला प्रोजेक्शनच्या खोलीत नेतो. तिथे दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू असतात आणि मतमोजणी झाली की त्यातल्या एकावर झाकण येतं, एवढीच सगळी जादू. शेजारणीला आत घ्या नाहीतर बाहेर ठेवा, दोन्ही वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकाच वळणावर येऊन मिळतात, पुढच्या प्रश्नाला पुन्हा फुटतात आणि पुन्हा मिळतात. शेवटी इमारत जळायची ती जळतेच. दिग्दर्शक रादुझ चिन्चेरा याला हे अर्थातच ठाऊक होतं. मतपत्रिकेवर एकच यादी असलेल्या देशातून तो आला होता. कौल घेण्याचं नाटक म्हणजे काय, हे त्याला शिकवायची कुणाला गरज नव्हती.

तुम्ही मराठी प्रेक्षक आहात. तिसऱ्या घंटेला आत शिरून खुर्ची शोधणारे, मध्यंतरात बटाटेवडा खाणारे, नाटक पडलं तर दुसऱ्या दिवशी चारचौघांत सांगणारे. तुम्हाला वाटेल, प्रेक्षकांच्या हाती नाटक असणं आपल्याला काही नवीन नाही. वाटेत एक मिनिट थांबूच. विसाव्या शतकाचं दुसरं दशक, बालगंधर्व रंगात आलेले, आणि तुमच्या मागच्या रांगेतून वन्स मोअरची आरोळी उठते. कथानक जिथल्या तिथे खोळंबतं. रुसलेली नायिका पुन्हा तेवढीच रुसते, पद पुन्हा सुरू होतं, पुन्हा आरोळी. नाटक पहाटेपर्यंत जातं ते तुमच्यामुळे. सत्ता होती, यात शंका नाही. पण ती किती वेळा गायचं यावर होती. धैर्यधराचं भामिनीशी लग्न लावू नका, असं कुणी ओरडल्याचं ऐकिवात नाही.

चला, पुढे. ब्राझीलचा ईशान्य कोपरा, साठचं दशक नुकतं लागलं आहे.

उसाचा मुलूख. जमीनदारांना इथे ‘कर्नल’ म्हणतात, सैन्याशी त्यांचा संबंध असो वा नसो. त्यांचे पाळलेले गुंड मात्र खऱ्या बंदुका बाळगतात. गावोगावी शेतमजुरांच्या लीग उभ्या राहताहेत. तुम्ही उघड्यावर जमिनीवर बसला आहात आणि समोर साओ पाउलोहून आलेली अरेना थिएटरची मंडळी नाटक करताहेत. दिग्दर्शक आहे आउगुस्तो बोआल, जेमतेम तिशीचा. बेकरीवाल्याचा मुलगा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिथेच नाटकाच्या वर्गात जाऊन बसू लागला. आज त्याचे नट शेतमजुरांचे कपडे घालून, बंदुका उंचावून गाताहेत की जमिनीसाठी रक्त सांडावं लागेल. तुमच्या अंगावर काटा येतो. आवाज चांगले आहेत, शिवाय गाणाऱ्यांचा आपल्या शब्दांवर विश्वासही आहे.

खेळ संपतो. एक शेतमजूर डोळे पुसत पुढे येतो. बोआलने पुढे आयुष्यभर याची गोष्ट सांगितली, नाव व्हिर्जिलियो. तो मंडळींना जेवायला बोलावतो आणि सांगतो की जेवण झालं की सगळे मिळून निघू. आमच्यातल्या एकाची जमीन कर्नलच्या माणसांनी बळकावली आहे, ती सोडवून आणू. बंदुका तुमच्याकडे आहेतच.

बोआल चाचरत सांगतो की बंदुका खोट्या आहेत, नाटकातल्या. व्हिर्जिलियोला उलगडा होत नाही, जी उडत नाही ती बंदूक केली कशाला? पण तो समजूतदार माणूस आहे. बंदुका खोट्या असतील तर राहू द्या इथेच, म्हणतो. माणसं तर खरी आहात ना, आमच्याकडे सगळ्यांपुरत्या बंदुका आहेत. आता नट एकमेकांकडे बघू लागतात. आम्ही खरे कलावंत आहोत, खरे शेतमजूर नाही, असं काहीसं कुणीतरी पुटपुटतं. तेव्हा व्हिर्जिलियोला कळतं, आणि तो शांतपणे विचारतो की म्हणजे मघा गाण्यात जे रक्त सांडायचं म्हणत होतात ते आमचं, तुमचं नव्हे, असंच ना?

तुम्ही मान खाली घालता. का, ते सांगता येणार नाही, पण टाळ्या तुम्हीही वाजवल्या होत्या. चळवळीचं नाटक बघून अंगावर काटा आल्यावर गाडी पकडून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस एकदा भेटला पाहिजे, असं माझं मत आहे. बोआलला तो वेळेवर भेटला. प्रेक्षकांनी काय करावं हे त्यांना मंचावरून सांगायचं नाटक त्याच्यापुरतं तिथे संपलं. त्याच्या जागी काय आणायचं, हे मात्र त्याला पुढची दहा-बारा वर्षं नीटसं सापडलं नाही. त्यात 1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली, 1971 मध्ये बोआलला रस्त्यावरून उचललं, तुरुंगात छळ केला. सुटल्यावर त्याने देश सोडला. ते सगळं आपण ओलांडून जाऊ.

1973, पेरू. सरकारने प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम काढली आहे आणि शिकवायला येणाऱ्यांना नाटकाची भाषा देण्यासाठी बोआलला बोलावलं आहे.

चिक्लायो शहरातल्या एका हॉटेलचं प्रचंड भोजनगृह. तुम्ही जेवताय, अवतीभवती चारेकशे माणसं. पलीकडच्या टेबलावरचा माणूस मोठ्या आवाजात भाजलेल्या मांसाची फर्माईश करतो, चवीने खातो. बिल येतं सत्तर सोल. तो म्हणतो, देईन की, पण पैसे नाहीत, अंगमेहनत आहे. मला कुठल्या कामावर घेता? कचरा उचलायचं काम? त्याला तासाला काय देता? वेटर घुटमळतो. दुसऱ्याच टेबलावरून कुणीतरी सांगतो, तासाला सात सोल. म्हणजे दहा मिनिटांत खाल्लेल्या मांसासाठी दहा तास कचरा! कचरेवाल्याची मजुरी वाढवा नाहीतर मांस स्वस्त करा, असा तो माणूस वाद घालू लागतो. बरं, बागकाम करतो म्हणतो. माळ्याला तासाला दहा सोल, म्हणजे सात तास. आता सगळं भोजनगृह हिशोब करू लागलं आहे. तुम्हीही मनातल्या मनात आपला तासाचा दर काढता. कुणी चिडलंय, कुणी वेटरची बाजू घेतंय. शेवटी एक बाई थाळी फिरवून वर्गणी गोळा करू लागते, आणि तुम्ही खिशात हात घालून दोन नाणी टाकता.

तो नट होता. मजुरीचा दर सांगणारा नट होता. वर्गणी मागणारीही त्यांच्यातलीच. अदृश्य रंगभूमी, बोआलचाच एक प्रकार. यात नाटक झालं हे तुम्हाला कधीच सांगायचं नसतं. मजुरीचा प्रश्न एरवी कुणी शंभर भाषणांनी तुमच्या ताटापर्यंत आणला नसता, हे मला मान्य आहे. तरीही हा प्रकार मला पचत नाही. वेटर बिचारा खरा होता आणि त्याला मालकाला तोंड द्यायचं होतं. आणि तुम्ही नाणी टाकलीत हा तुमचा निर्णय खरा, पण आपण कशात निर्णय देतोय हेच तुम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून पुढचा खेळ बघाच. देश हाच, वर्ष हेच, एक गरीब वस्ती. इथे बोआलची पद्धत एक पायरी पुढे गेली आहे. वस्तीतल्या कुणीतरी आपली अडचण सांगायची, नटांनी ती करून दाखवायची, पेचाच्या जागी थांबायचं आणि लोकांना विचारायचं. लोक सुचवतील तसं नट तिथल्या तिथे करून दाखवतात. बटणापेक्षा हे बरंच पुढचं. पण सुचवणारा खाली आणि करणारा वर, ही विभागणी अजून तशीच आहे.

आज एक बाई लाजत लाजत पुढे आली आहे. माझी अडचण काही राजकारणातली नाही हो, असं आधीच सांगून टाकते. नवरा घर बांधायचं म्हणून तिच्याकडून अधूनमधून पैसे घेतो आणि त्याबद्दल कागद आणून देतो. हे घराच्या हप्त्यांचे कागद, जपून ठेव. अत्तराचा वास असलेले, हाताने लिहिलेले कागद. तिला वाचता येत नाही. एकदा भांडण झालं तेव्हा ते तिने वाचता येणाऱ्या शेजारणीला दाखवले. ती प्रेमपत्रं होती, नवऱ्याच्या दुसऱ्या बाईची. आपल्याच गादीखाली तिने ती जपून ठेवली होती. नवरा कामावर गेलाय, उद्या परत येईल. मी काय करू?

बोआल म्हणतो, मलाही ठाऊक नाही, लोकांना विचारू.

नवरा दार वाजवतो इथपर्यंत नाटक येतं आणि थांबतं. कुणी सुचवतं, तिने रडावं म्हणजे त्याला लाज वाटेल. नटी रडते, नवरा पाठ थोपटतो, जेवण मागतो. बायकांना ते पटत नाही. कुणी म्हणतं, घर सोडून जावं. जाणार कुठे? मग त्यालाच बाहेर काढावं. तेही करून बघतात, पण काही जमत नाही. तुम्ही तिसऱ्या रांगेकडे बघा. एक धिप्पाड बाई मघापासून मान हलवते आहे आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग वाढत चालला आहे. बोआल घाबरत घाबरत तिला विचारतो. ती म्हणते, आत घ्यावं त्याला, एकदा नीट स्पष्ट बोलून घ्यावं, मग माफ करावं.

एवढंच? नटी नवऱ्याशी स्पष्ट बोलते. बाई म्हणते, छे, हे नव्हे. नटी आवाज चढवून स्पष्ट बोलते. छे! आणखी कडक बोलते. बाई आता भडकली आहे; तिला वाटतं, हे लोक तिची थट्टा करताहेत. बोआलला काय सुचवावं कळत नाही, आणि हतबल होऊन तो म्हणून जातो की बाई, तुम्हीच वर या आणि दाखवा तुम्हाला काय म्हणायचंय ते.

ती वर येते. कोपऱ्यातला झाडू उचलते. आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या बिचाऱ्या नटाला जीव खाऊन बडवते. मंडळी धावतात, तो टेबलामागे लपतो, पण बाईचं बोलणं अजून संपलेलं नसतं. दमल्यावर ती खुर्चीत बसते आणि त्याला फर्मावते की आता आपलं बोलून झालं, मी तुला माफ केलंय, जा आणि स्वयंपाकघरातून माझं जेवण घेऊन ये.

तुम्ही हसता, वस्ती हसते, ज्या बाईची गोष्ट होती तीही हसते. हसू ओसरल्यावर लक्षात येतं की ‘स्पष्ट बोलणं’ म्हणजे काय, हे तिने कितीही वेळा खालून सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तिने जे वर जाऊन केलं ते नटाच्या हातून होण्यासारखंच नव्हतं. नट कितीही चांगला असला तरी दुसऱ्याचा निर्णय आपल्या बेताने आणि आपल्या भीतीने कापून शिवतो. बोआलने त्या दिवशी हे पाहिलं आणि मंचाच्या कडेची रेघ पुसून टाकली. पुढे फोरम थिएटर म्हणून जे जगभर गेलं त्याचं मूळ या झाडूत आहे.

त्याचे नियम तिथल्या तिथे शिकून घ्या, लागतील. नाटक एकदा पूर्ण दाखवतात आणि ते हरण्याने संपतं. मग पुन्हा सुरुवातीपासून. या वेळी प्रेक्षकांतल्या कुणीही ‘थांबा’ म्हणायचं, वर जायचं, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याची जागा घ्यायची आणि वेगळं काही करून बघायचं. समोरचे नट सोपं करून देत नाहीत. जमीनदार जमीनदारासारखाच वागतो. मध्ये जोकर असतो, पत्त्यांतल्यासारखा कुठल्याच रंगाचा नसलेला. तो उत्तर देत नाही. तो लोकांना विचारतो, हे खऱ्या आयुष्यात चालेल, की ही जादू झाली?

वीस वर्षं पुढे. 1993, रिओ द जानेरो.

लष्कर गेलं, बोआल परतला, आणि एक गंमत झाली. त्याच्या रिओतल्या नाट्यकेंद्राकडचे पैसे संपले होते. बंद पडायचंच तर वाजतगाजत पडू, म्हणून मंडळींनी 1992 च्या निवडणुकीत कामगार पक्षाला प्रचारात मदत करायची ठरवली. पक्ष म्हणाला, उमेदवारही तुमच्यातलाच द्या. बोआल उभा राहिला आणि निवडून आला. आता साठी ओलांडलेला हा नगरसेवक सिनेलांदियाच्या चौकातल्या पालिकेच्या इमारतीत बसतो. शेजारीच शहराचं मोठं नाट्यगृह आहे. आपल्या कार्यालयात त्याने सल्लागार म्हणून जोकर नेमले आहेत.

ते जोकर शहरभर पांगलेत. टेकडीवरच्या झोपडपट्ट्यांत, वृद्धांच्या गटांत, मोलकरणींमध्ये, शाळांत. तुम्ही आज अंध मंडळींच्या खेळाला बसला आहात. रिओच्या रस्त्यांवर सार्वजनिक टेलिफोनला अंड्यासारखं मोठं टोपण असतं आणि ते एका बारीक खांबावर उभं असतं. आंधळ्याची काठी खांबाच्या बाजूने सुटून जाते आणि कपाळ टोपणावर आपटतं. डोळस माणसाने ते टोपण रोज पाहिलेलं असतं. नाटक थांबतं, एकामागून एक माणसं वर येऊन टेलिफोनपर्यंत चालून बघतात. कुणी सुचवतं, खाली सिमेंटचा ओटा करा, काठीला आधी कळेल. खेळाचा वृत्तांत नगरसेवकाच्या कार्यालयात जातो, तिथे वकील बसलेला आहे. तो विचारतो, यात कायदा हवा, की नुसतं पत्र पुरेल?

विधिमंडळ रंगभूमी म्हणतात हिला, आणि कल्पना ऐकायला जितकी झगमगीत आहे तितकं काम नाही. बरेचसे खेळ कुठल्याही मसुद्यापर्यंत पोचत नाहीत. लोक उशिरा येतात, कुणाला नाटकापेक्षा नगरसेवकाकडून नळजोडणी हवी असते. विरोधक हिणवतात. तरी चार वर्षांत तेरा कायदे झाले. पालिकेच्या इस्पितळांत वृद्धांसाठी खास वैद्यकीय सोय, हा त्यातला एक. गुन्ह्याच्या साक्षीदारांना संरक्षण, हा आणखी एक. हा दुसरा कायदा कागदावर वाचायला रुक्ष वाटेल. पण तुम्ही 1993 मध्ये आहात. जुलैमध्ये कांदेलारियाच्या चर्चबाहेर झोपलेल्या रस्त्यावरच्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ऑगस्टमध्ये व्हिगारियो जेराल वस्तीत एका रात्रीत एकवीस माणसं मारली. या शहरात ‘मी पाहिलं’ म्हणणं म्हणजे काय, हे कुणाला समजवावं लागत नाही.

1996 च्या निवडणुकीत बोआल पडला. जोकरांच्या नेमणुका संपल्या. प्रेक्षकांना निर्णय देऊ केला की तो असाही येतो. केंद्र मात्र चालू राहिलं.

आता शेवटचा मुक्काम, घराच्या बराच जवळचा. तेच दशक, पश्चिम बंगाल, सुंदरबनातलं एक गाव. संजय गांगुली यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या जनसंस्कृती या नाट्यसंस्थेची मंडळी फोरम थिएटर घेऊन आली आहेत. नट बहुतेक शेतमजूर, दिवसाची मजुरी करून आलेले. यांची खोड अशी की तेच नाटक त्याच गावात पुन्हा पुन्हा घेऊन येतात, त्यामुळे लोक आधीच विचार करून, तयारीने येतात. नाटक आहे ‘सोनार मेये’. मुलगी बघायला पाहुणे आलेत. बंगाली तुम्हाला अर्धीमुर्धी कळते, पण दृश्य पूर्ण कळतं. कांदेपोहे तेवढे नाहीत. मुलीला चालायला लावणं, केस बघणं, मग बापाला बाजूला घेऊन देण्याघेण्याचं बोलणं.

नाटक हरतं, पुन्हा सुरू होतं. आणि मॉन्ट्रियलपासून खुर्चीला चिकटलेले तुम्ही, न राहवून ‘थांबा’ म्हणता.

मुलीचे वडील होऊन तुम्ही उभे राहता. मोडक्या हिंदीत पाहुण्यांना सुनावता की 1961 पासून हुंड्याला कायद्याने बंदी आहे, तुम्हाला पोलिसांत देईन. मुलाचा मामा उठतो, छत्री घेतो आणि म्हणतो, बरं, येतो आम्ही. जाता जाता गावात मुलीबद्दल काय बोलायचं तेही ऐकवतो. मुलीची आई कपाळाला हात लावते. जोकर लोकांकडे वळतो. असं करणारा बाप या गावात आहे? एकही हात वर होत नाही. मागून कुणीतरी काहीतरी बोलतं आणि सगळे हसतात. ते नेमकं काय होतं, हे तुम्हाला कळलं नाही तेच बरं.

तुम्ही खाली येऊन बसता. एक शाळकरी मुलगी वर जाते. ती कायद्याचं नावही काढत नाही, एवढंच म्हणते की परीक्षेपर्यंत थांबा. मामा तिला गप्प करतो. बाप गप्प बसतो. आई तिला डोळ्यांनी दटावते आणि मुलगी रडवेली होते. हे मात्र जादू नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तेवढ्यात एक म्हातारी बसल्या जागेवरून भांडायला उठते. तिचं म्हणणं, पोरीला बदलून उपयोग नाही, आईला बदला. आई बोलली तर बाप बोलेल. जोकर अडतो, कारण नियम अन्याय सोसणाऱ्याच्या जागी जाण्याचा आहे. तो लोकांना विचारतो, आई सोसणारी की सोसायला लावणारी? बायका एका बाजूने बोलू लागतात, पुरुष दुसऱ्या. बराच गलका होतो. मग हात मोजले जातात, म्हातारीला परवानगी मिळते. आईचं काम करणारी नटी डोक्यावरचा पदर काढून तिला देते, आणि जोकर सांगतो, चहा आणण्यापासून पुन्हा घ्या.